मोड, घट आणि घडणावळ : दिवेआगरच्या वाटेवरील जुनी वाहने आणि सार्वजनिक तिजोरी

जुनी वस्तू देऊन नवी घेण्याचा व्यवहार मराठी मुलखात मोटारीच्या कितीतरी आधीपासून रुळलेला असून त्याची स्वतःची परिभाषाही आहे. सराफाकडे जुना दागिना दिला की त्याला ‘मोड’ म्हणतात; त्या मोडीचा कस पाहिला जातो, आटवताना जे वजन कमी होते त्याची ‘घट’ धरली जाते आणि नव्या दागिन्याची ‘घडणावळ’ गिऱ्हाइकाला वेगळी मोजावी लागते. तांब्यापितळेची फुटकी भांडी कासाराकडे मोडीच्या भावाने जात आणि जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून नवे भांडे घेण्याची रीत तर घरोघरी होती. या सर्व प्रकारांत घट कोणी सोसायची हे दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असे आणि तिसऱ्या कोणाच्या खिशाला त्याची तोशीस लागत नसे. शासनाने जुनी मोटार मोडीत काढणाऱ्याला नव्या मोटारीच्या करात सूट देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा या जुन्या व्यवहारात प्रथमच तिसरा पक्ष, म्हणजे करदाता, दाखल झाला. त्याने भरलेल्या घटीच्या मोबदल्यात समाजाच्या पदरात नेमके काय पडते, या प्रश्नाचे उत्तर राजधानीतील आकडेवारीपेक्षा एखाद्या टोकाच्या गावाच्या दळणवळणाच्या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे तसे गाव आहे.

दिवेआगरचे नाव मराठीच्या अभ्यासकांना शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, ताम्रपटामुळे परिचित आहे. मराठीतील सर्वांत जुन्या कालनिर्देशित लेखांत त्याची गणना होते. शिलाहारांच्या काळापासून नांदते असलेले, रूपनारायणाचे देवालय आणि नारळी-पोफळीच्या वाड्या बाळगणारे हे गाव पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखात राहिले, १९४८ मध्ये ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले तेव्हा ते आजच्या प्रशासकीय ओळखीला पोचले. या दीर्घ काळात गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला मुख्य रस्ता समुद्राचा होता. मचवे, पडाव आणि गलबते यांतून नारळ, सुपारी, भात आणि माणसे जात. पुढे बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी किनाऱ्यावरील बंदरे घेत मुंबईला जाऊ लागल्या. पावसाळ्याचे चार महिने मात्र ही वाट बंद पडे आणि गाव बैलगाडीवर व पायवाटांवर येऊन ठेपे. लाकडी होडीला ‘वय’ नसते, स्थिती असते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. कुजलेली फळी काढून नवी बसवायची, सांध्यांत नव्याने कापूस भरायचा, तळाला तेल द्यायचे आणि होडी निकामी झालीच तर तिचे लाकूड व खिळे दुसऱ्या कामाला लावायचे, असा तो क्रम होता. वस्तू किती वर्षांची आहे यापेक्षा ती पाण्यात कशी वागते हे पाहण्याची ही दृष्टी किनाऱ्यावरच्या लोकांनी पुढे मोटारीलाही लावली आणि वाहनाच्या आयुर्मर्यादेविषयीच्या आजच्या वादात तिचे मोल कमी नाही.

मोटार आली ती सार्वजनिक पैशाच्या पाठबळावर. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि पुढील दशकांत एस. टी. कोकणच्या खाड्यांपर्यंत पोचली. त्याच सुमारास या व्यवस्थेच्या खर्चाची बाजूही कायद्यात बसवली गेली : मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ याने वाहनावर कर बसवला, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या अधिनियमाने एस. टी.च्या तिकिटातून प्रवासी कर गोळा करण्याची तरतूद केली. हा प्रवासी कर एस. टी.च्या सर्वसाधारण सेवेसाठी पुढे साडेसतरा टक्क्यांपर्यंत गेला. दिवेआगरजवळच्या बोर्ली पंचतनच्या थांब्यावरून म्हसळा-माणगावकडे जाणारा प्रवासी स्वतःचे वाहन नसतानाही दरवेळी तिकिटातून शासनाला कर देत आला आहे, ही वस्तुस्थिती पुढच्या हिशेबात विसरता येणार नाही.

जुने साधन सोडून नवे घ्यावे म्हणून शासनाने पैसा घालण्याचा या किनाऱ्यावरील पहिला मोठा प्रयोग मोटारीचा नव्हता, होडीचा होता. स्वातंत्र्योत्तर पंचवार्षिक योजनांच्या काळात शिडाच्या होड्यांवर यंत्र बसवण्यासाठी मच्छीमारांना व त्यांच्या सहकारी संस्थांना कर्जे आणि अनुदाने देण्यात आली आणि दिघी, भरडखोल, जीवना यांसारख्या आसपासच्या मच्छीमार वस्त्यांचा व्यवसाय त्यातून पालटला. या योजनेची रचना आजच्या मोडीच्या योजनेच्या नेमकी उलट होती, कारण तिच्यात जुनी होडी नष्ट करण्याची अट नव्हती. चालत्या सांगाड्याला यंत्र जोडून त्याची शक्ती वाढवायची, एवढाच तिचा हेतू होता. तिचा लाभ खरा होता : वाऱ्याची वाट न पाहता मासळी ताजी असताना बाजारात पोचू लागली. तिची किंमतही खरी होती आणि ती उशिरा कळली. यंत्रे वाढली तशी त्याच पाण्यातील मासळीवरची ओढ वाढली, लहान व मोठ्या नौकांतील संघर्ष इतका तीव्र झाला की १९८१ मध्ये महाराष्ट्राला सागरी मासेमारी नियमन अधिनियम करावा लागला, आणि यंत्राला लागणाऱ्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा ही शासनाची कायमची जबाबदारी होऊन बसली. एकदा दिलेल्या प्रोत्साहनाचा खर्च पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात संपत नाही, हा या प्रकरणाचा धडा होता आणि वाहनांच्या धोरणाची चर्चा करताना तो क्वचितच आठवला जातो.

दिवेआगरच्या रस्त्यावरील वाहनांचे आजचे चित्र मुख्यतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांत घडले. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि मुंबई-पुण्याहून मोटारींची रीघ लागली. घरगुती खानावळी, निवासाच्या खोल्या आणि त्यांच्याबरोबर माल व माणसे वाहणाऱ्या गाड्यांची गरज वाढली. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी दोन रखवालदारांचे प्राण घेऊन तो मुखवटा पळवला आणि पुढे तो आटवला गेल्याचे उघड झाले. परत मिळालेले सोने सोनेच होते, परंतु शतकांपूर्वीच्या कारागिराने घडवलेली वस्तू त्या सोन्यात उरली नव्हती. धातूचे मोल आणि घडलेल्या वस्तूचे मोल यांतील हे अंतर गावाने फार दुःखद रीतीने अनुभवले आहे.

पर्यटकांच्या गाड्या बहुतांशी नव्या असतात. जुन्या असतात त्या स्थानिकांच्या. रायगड जिल्ह्यात वर्षानुवर्षे धावणाऱ्या सहा आसनी मिनीडोर रिक्षा, वाडीतील नारळ व रोठा सुपारी नेणारे टेम्पो, मासळीच्या पाट्या बांधलेल्या दुचाकी ही येथील उपजीविकेची साधने आहेत. खाऱ्या वाऱ्याने त्यांचा पत्रा लवकर गंजतो, मात्र यंत्र दुरुस्त करून चालवले जाते, आणि ते चालवण्यामागे हौस नसून उत्पन्नाची मर्यादा असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणजे ज्या कुटुंबाचे उत्पन्न एका दुपारी गेले त्या कुटुंबाने त्याच वर्षांत जुना टेम्पो देऊन नवा घ्यावा अशी अपेक्षा धोरणाने ठेवणे हे वास्तवाला धरून नव्हते.

कारण नेमक्या त्याच वर्षांत केंद्र शासनाचे मोडीचे धोरण आकाराला आले. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, १३ ऑगस्ट २०२१ रोजी त्याचा औपचारिक प्रारंभ झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच नोंदणीकृत मोडकेंद्रांविषयीचे नियम प्रसृत झाले. खाजगी वाहनाची २० वर्षांनंतर आणि व्यावसायिक वाहनाची १५ वर्षांनंतर तंदुरुस्ती तपासावी, जे अनुत्तीर्ण होईल ते मोडीत जावे, आणि जो मालक स्वेच्छेने वाहन नोंदणीकृत केंद्रात देईल त्याला ‘ठेव प्रमाणपत्र’ मिळावे, अशी ही रचना आहे. हे प्रमाणपत्र दाखवून नवे वाहन घेतल्यास राज्यांनी खाजगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत व व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. उलट बाजूने, पंधरा वर्षांपुढील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. सवलत केंद्राने सुचवायची आणि तिचा भार राज्याच्या तिजोरीने उचलायचा, हे या योजनेचे वैशिष्ट्य आहे, कारण वाहन कर हे राज्याचे उत्पन्न आहे.

सवलतीचे मोल एका उदाहरणाने तपासता येते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर किमतीच्या ११ टक्के कर एकरकमी घेतला जातो. आठ लाखांच्या मोटारीवर तो ८८,००० रुपये होतो आणि केंद्राने सांगितलेल्या कमाल मर्यादेने, म्हणजे २५ टक्क्यांनी, सूट धरली तरी ती २२,००० रुपये भरते. जुन्या मोटारीच्या मोडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के यावी असे धोरणातच गृहीत धरले आहे, तेव्हा दोन्ही मिळून मालकाच्या हाती फार तर साठ-सत्तर हजार रुपये येतात आणि उरलेले सव्वासात लाखांहून अधिक त्याने उभे करायचे असतात. ज्याच्याजवळ ही रक्कम आहे किंवा जो तिचे कर्ज फेडू शकतो, तो २२,००० रुपयांच्या सुटीशिवायही आज ना उद्या नवी गाडी घेणारच असतो. ज्याच्याजवळ ती नाही, त्याच्या दृष्टीने ही सूट अस्तित्वातच नाही. समजा शंभर जणांना अशी सूट दिली आणि त्यांपैकी ऐंशी जण एरवीही गाडी बदलणारच होते. मग तिजोरीतून गेलेल्या २२ लाख रुपयांनी प्रत्यक्षात वीसच जादा जुन्या गाड्या रस्त्यावरून हटल्या, आणि प्रत्येकीमागे करदात्याने २२,००० नव्हे तर १,१०,००० रुपये मोजले. ही संख्या केवळ समजण्यासाठी घेतली असली तरी हिशेबाची पद्धत हीच असायला हवी, आणि योजनेच्या यशाचे मोजमाप किती प्रमाणपत्रे वाटली यावरून करणे हे गिऱ्हाइकाच्या संख्येवरून नफा काढण्यासारखे आहे.

परदेशांतील अनुभव हिशेबाच्या या पद्धतीच्या बाजूने बोलतो. अमेरिकेने २००९ च्या उन्हाळ्यात, मंदीने ग्रासलेल्या मोटार उद्योगाला उठाव मिळावा म्हणून, जुनी अधिक इंधन पिणारी गाडी देणाऱ्याला ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट दिली; सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या जमा झाल्या आणि २ अब्ज ८५ कोटी डॉलर खर्ची पडले. अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियाँ आणि अमीर सूफी यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की त्या दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ७० हजार जादा गाड्या विकल्या गेल्या खऱ्या, परंतु पुढील दहा महिन्यांत विक्री जवळजवळ तेवढीच घटली. म्हणजे उद्याचे गिऱ्हाईक आज आले, नवे गिऱ्हाईक निर्माण झाले नाही. जर्मनीने त्याच वर्षी नऊ वर्षांहून जुन्या गाडीमागे २,५०० युरो देत ५ अब्ज युरो खर्च केले. २००९ मध्ये तेथे ३८ लाखांहून अधिक गाड्यांची नोंदणी झाली आणि पुढच्याच वर्षी ती २९ लाखांवर उतरली. अमेरिकेत जमा झालेल्या गाड्यांची यंत्रे पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून त्यांत सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून ती जाणूनबुजून निकामी करण्यात आली. ज्या गाड्या गरिबाने आणखी काही वर्षे वापरल्या असत्या त्या त्याच्या आवाक्यातील बाजारातून अशा रीतीने नाहीशा झाल्या. दिवेआगरसारख्या गावातील वाहने बहुधा शहरात वापरून झालेलीच असतात, त्यामुळे शहरातील जुन्या गाडीचा चुराडा होतो तेव्हा गावातील तिच्या पुढच्या मालकाला जास्त भाव द्यावा लागतो, आणि ही किंमत कोणत्याही अर्थसंकल्पात नोंदलेली नसते.

या धोरणाची जमेची बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती बळकट आहे. २००० च्या सुमारास भारतात लागू झालेल्या मानकानुसार डिझेल मोटारीच्या धुरातील सूक्ष्म कणांना किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅमपर्यंत मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकात ती साडेचार मिलिग्रॅम आहे. म्हणजे कागदोपत्री एक जुनी गाडी तीसएक नव्या गाड्यांइतकी काजळी ओकते, आणि ती शीव किंवा कुर्ल्याच्या कोंडीत ओकत असेल तर शेकडो फुप्फुसांत जाते. तेथे अशी गाडी हटवण्यासाठी सार्वजनिक पैसा घालणे समर्थनीय ठरू शकते. मुंबईने मात्र आपल्या टॅक्सींच्या बाबतीत मुख्य भर नियमावर ठेवला होता : जुन्या टॅक्सींना वायू इंधनाची सक्ती झाली, वयाची मर्यादा आली आणि ती २० वर्षांवर आल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी रस्त्यावरून उतरली. दिवेआगरच्या मोकळ्या वाऱ्यात, दिवसातून दोन-चार फेऱ्या करणाऱ्या टेम्पोचा धूर त्याच मापाने धोकादायक ठरत नाही. तेथे जुन्या वाहनाचा खरा धोका गंजलेल्या सांगाड्याचा, निकामी ब्रेकचा आणि घाटात फुटणाऱ्या टायरचा असतो, आणि तो हुडकायला वयाचा दाखला उपयोगी पडत नाही, तपासणी लागते. स्वयंचलित चाचणी केंद्रांची सक्ती मात्र आधी १ एप्रिल २०२३ ला लागू व्हायची होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत लांबणीवर गेली. श्रीवर्धन तालुक्यातील वाहनधारकाचे परिवहन कार्यालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर पेणला असताना, त्याला एक दिवसाची कमाई बुडवावी लागणार नाही अशा अंतरावर चाचणीची सोय करणे हा करसवलतीहून अधिक निकडीचा खर्च आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

प्रत्यक्षात ज्या वाहनांना मोडीची सक्ती झाली ती शासनाचीच होती. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य आणि त्यांची परिवहन महामंडळे यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांपुढील वाहनांची नोंदणी रद्द झाली. खाजगी मोटारीला चाचणी देऊन पुढे धावता येते, एस. टी.च्या गाडीला मात्र ती मुभा नाही. नियम योग्यच आहे, परंतु त्याचा परिणाम असा की जुनी गाडी बाद झाल्यावर नवी वेळेवर आली नाही तर टोकाच्या गावाची फेरी आधी तुटते. ऑक्टोबर २०२१ नंतरच्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या प्रदीर्घ संपाने फेऱ्या बंद पडल्या म्हणजे खेड्याचे काय होते हे दाखवून दिलेच होते : दवाखाना, महाविद्यालय आणि तालुक्याचे कार्यालय गाठायला माणसे पुन्हा त्याच जुन्या मिनीडोरवर येऊन पडली. एका बसमध्ये पन्नासच्या आसपास माणसे बसतात. तेव्हा आठ लाखांच्या मोटारीवरील सूट शंभर-दीडशे जणांना देण्यात जो पैसा जातो त्यात एका नव्या बसच्या किमतीचा मोठा भाग भागतो, आणि ती बस पुढील पंधरा वर्षे अशा लोकांची ने-आण करते ज्यांच्या तिकिटातून साडेसतरा टक्के कर आधीच कापला जात आहे.

मोडीच्या या योजनेत असा एक दरवाजा मात्र आहे ज्यातून पैसा जुन्या वाहनाच्या खऱ्या मालकापर्यंत पोचू शकतो. ठेव प्रमाणपत्र हस्तांतरणीय आहे. जुना टेम्पो देणाऱ्याने स्वतः नवे वाहन घेतलेच पाहिजे असे नाही, तो ते प्रमाणपत्र नव्या गाडीच्या दुसऱ्या खरेदीदाराला विकू शकतो. त्यासाठी त्याला प्रमाणपत्राचा चालू भाव ठाऊक असावा लागतो, नोंदणीकृत मोडकेंद्रापर्यंत गाडी ओढून नेण्याचा खर्च परवडावा लागतो आणि दारात येऊन रोख पैसे मोजणाऱ्या भंगारवाल्यापेक्षा ही वाट फायद्याची आहे अशी खात्री पटावी लागते. सराफाच्या पेढीवर मोड देताना कस, वजन आणि घट गिऱ्हाइकासमोर सांगितली जाते आणि त्या दिवसाचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. बोर्ली पंचतनच्या बाजारात ठेव प्रमाणपत्राचा भाव लिहिलेला तसा फळा अजून लागलेला नाही.